सात नव्वे त्रेसष्ट

“एक! चार! दोन! आठ! पाच! सात!”

धुळाप्पा माइकवरून एकेक आकडा सोडायचा आणि मंडपातली माणसं तो झेलून परत फेकायची. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे. उन्हाळ्यात माकणीच्या धरणाचं पाणी मागं हटतं, तिथं उघड्या पडलेल्या गाळावर हा मंडप घातला होता. मे महिन्याचं ऊन, खाली भेगाळलेली जमीन, वर तापलेलं कापड, आणि तरी एक माणूस जागचा हलत नव्हता. आमच्या गावात पाण्याच्या टँकरलाही एवढी शिस्तीची रांग कधी लागलेली मी पाहिली नाही.

मधोमध चौरंगावर तांब्याची एक पाटी होती आणि तिच्यावर कोरलेलं होतं: १४२८५७. शेजारी गादीवर योगीराज महाराज; माइकवाला धुळाप्पा त्यांचा चेला. हा माणूस होळीनंतर कधीतरी वाशीकडून इकडं आला आणि धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळात त्याला ही पाटी ‘सापडली’. शेकडो वर्षं पाण्याखाली होती म्हणे. पाण्यात राहिलेलं तांबं हिरवं पडतं. ही आत्ताच चिंचेनं घासल्यासारखी लखलखत होती. धरण बांधूनच शेकडो वर्षं झालेली नाहीत, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्यांच्या जमिनी त्या धरणात गेल्या, ती माणसं समोरच बसली होती.

“सटवाई बाळाच्या कपाळावर काय लिवती?” महाराजांनी विचारलं. “कथा लिवती? का पत्र लिवती? आरं, आईला येवढा येळ हाय का? रोज किती लेकरं जन्मत्यात! ती फकस्त अंक लिवती. सहाव्या राती येती, म्हणून अंकाची घरं सहा. ह्यो अंक मोडत न्हाय, मरत न्हाय. कितीबी गुणा, फिरून घरी येतो. या, कोण येतं?”

एक बाई उठली. वय विचारलं, बत्तीस म्हणाली. धुळाप्पानं मोबाइलवर पाटीवरच्या अंकाला बत्तीसनं गुणलं. मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळं उत्तर सगळ्यांना दिसलं: ४५७१४२४.

“घरं किती?” महाराज ओरडले.

“सहा!”

“अंक किती आले?”

“सात!”

“मंग पुढचा चार कोण?”

“पाव्हणा!”

“पाव्हण्याला दारात उभं करायचं का?”

“न्हाय! घरात घ्या!”

धुळाप्पानं पुढचा चार काढला आणि उरलेल्या ५७१४२४ मध्ये मिळवला. ५७१४२८. पाटीवरचेच सहा अंक, त्याच क्रमानं, फक्त पाचापासून सुरू झालेले. मंडपात उदो उदो झाला. बाईनं डोळे पुसले. महाराजांनी तिला सांगितलं, नशीब शाबूत आहे, शुगरच्या गोळ्या बंद कर. मग अडुसष्ट वर्षांचे एक आजोबा आले: ७१४२८५. पुन्हा तेच अंक. पाच वर्षांचं एक पोर आणलं, त्याला तर पाव्हण्याचीही गरज पडली नाही. मंडप अगदी वेडा झाला होता.

मग पस्तीस वर्षांची एक बाई पुढं आली. पाव्हणा घरात घेतल्यावर टीव्हीवर उमटलं: ९९९९९९.

महाराजांनी आवाज खाली आणला. “हिच्या कपाळावरचं सटवाईचं लिवणं पुसलंय. कुणी पुसलं? एकतर हिला भानामती लागली, न्हायतर हीच भानामती करती.”

दोन्हींपैकी काय, ते महाराज चेहरा बघून ठरवत. चेहरा, आडनाव आणि गल्ली बघून. ही बाई बागायतदाराची सून होती, म्हणून तिला भानामती ‘लागली’ होती. तिनं चांदीचा मुखवटा आणि साडीचोळी आणायची, की सुटली.

तिच्यानंतर सरपंच रामकिसन पुढं आले. “आधारवर एकोणपन्नास हाय, महाराज.”

धुळाप्पाचा अंगठा मोबाइलवर टेकणार, तेवढ्यात महाराजांनी हात वर केला. “थांब. सरपंच, पन्नासावं लागलंय न्हवं?”

“व्हय की, कवाच.”

“मंग पन्नास धर.”

पन्नासनं गुणलं. ७१४२८५०. सात घरात घेतला. १४२८५७. जशाचा तसा, पाटीवरचा. महाराजांनी गादीवरून उठून सरपंचांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि सरपंच हुंदके देऊन रडायला लागले.

मी मागं, खांबाला टेकून बसले होते. माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझ्या आईची वेणी होती. तोवर मला वाटत होतं, हा कुणीतरी अर्धवट माणूस आहे, कुठंतरी एक गंमत शिकला आणि स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवून बसला. एकोणपन्नासाचे पन्नास झाले आणि माझी खात्री पटली. त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्या अंगातला सगळा राग तेव्हा एका जागी येऊन बसला.

माझी आई विठाबाई. गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, पोरांचे हात धुवायचे, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, एवढंच तिनं आयुष्यभर केलं. आज गावात मिशा फुटलेले जेवढे आहेत, त्यांच्यापैकी निम्म्यांची नाकं तिनं पुसली आहेत. पुढच्या वर्षी ती नोकरीतून सुटणार. मी धाराशिवच्या एका शाळेत गणित शिकवते. सुट्टी लागल्यावर घरी आले तर ही डोक्यावरून पदर घट्ट ओढून चुलीपुढं बसलेली. एवढ्या उकाड्यात पदर कशाला, म्हणून मी तो मागं सारला. डोक्यावर कात्रीनं वेड्यावाकड्या कापलेल्या केसांचे पुंजके होते, आणि मधेमधे कातडं दिसत होतं.

“कुणी केलं हे?”

“जाऊ दी, चैते. वाढत्यात केस.”

“आई, कुणी केलं?”

तेव्हा तिनं सांगितलं. शेजारच्या शिवकन्याची राजनंदिनी, चार वर्षांची. तिला ताप चढला आणि तापात आकडी आली. आदल्या दिवशी ती अंगणवाडीत खिचडी खाऊन गेली होती. शिवकन्या दवाखान्यात जायची सोडून पोरीला घेऊन मंडपात गेली. महाराजांनी विचारलं, कुणाच्या हातचं खाल्लं? लगेच चार बाया आमच्या घरी आल्या. आमच्या घरात सटवाई नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. आई म्हणाली, मी हे मानत नाही. “मानत न्हाईस म्हणून तर संशय हाय,” म्हणाल्या आणि तिला ओढत नेली.

“वय विचारलं त्यानं. म्या म्हणलं, आधारवर त्रेसष्ट हाय, पर चौसष्टावं लागलंय. तर म्हणला कसा, सटवाई पुरं झालेलं मोजती, लागलेलं मोजत न्हाय. अन् नव्याचे नऊ आले समदे.”

“पुन्हा सांग. काय म्हणाला?”

“सटवाई पुरं झालेलं मोजती, लागलेलं मोजत न्हाय.”

ते वाक्य मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मला ते पाठ करायचं होतं.

“मंग धुळाप्पानं कात्री घेतली,” वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली कापलेली वेणी पुढं सरकवत आई म्हणाली. “अन् हात कुणी धरले म्हाईत हाय? शिवकन्यानं. जिच्या पोरीला म्या मांडीवर घिऊन भरवती, तिनं.”

पोरीचा ताप नंतर आपोआप उतरला. तापाची आकडी लहान पोरांना येते आणि बहुतेकदा जातेही. पण श्रेय कात्रीला मिळालं. दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत एकही लेकरू आलं नाही. आई खिचडी शिजवायची, वाट बघायची आणि पातेलं झाकून घरी यायची. खोटं कशाला बोलू, काही घरांना माझ्या आईच्या हातचं आधीपासूनच जड जात होतं. कायद्याच्या भीतीनं ती तोंड दाबून होती. महाराजांच्या नवांनी त्यांना बोलायला निमित्त दिलं.

आई सारखं एकच म्हणायची, “सुटायच्या टायमाला नावाला डाग लागला, बाई. आता चेटकीण म्हणूनच मरायचं.” तिला भाकरी जात नव्हती. मी ठरवलं की हा डाग पुसायचाच, आणि पुसताना त्या माणसाचं तोंडही त्याच फडक्यानं पुसायचं. मला न्याय हवा होता असं म्हटलं तर बरं दिसेल. पण मला सूड हवा होता, आणि तो भरल्या मंडपात हवा होता.

गणिताच्या कुठल्याही शिक्षकाला पाटीवरचा अंक ओळखीचा असतो. त्यात दैवी काही नाही. तो गुणाकारात फिरतो, पण ज्या संख्येनं गुणाल ती सातच्या पाढ्यातली निघाली तर सगळे नऊ येतात. बास. म्हणजे गावातल्या दर सात माणसांमागं साधारण एक जण भानामतीवाला निघणारच, आणि पुढच्या वाढदिवसाला तो आपोआप शुद्ध होणार. सरपंच एकोणपन्नासचे राहिले असते तर त्यांचंही डोकं भादरलं असतं. त्यांना ‘लागलेलं’ वर्ष दिलं आणि माझ्या आईला ‘पुरं झालेलं’.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आपल्याकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. आमच्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, एक जूनला. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढं एक जून लिहून मोकळे व्हायचे. तेच शाळेच्या दाखल्यावर, तेच आधारवर. माझी आजी सांगायची की आई ज्वारीच्या काढणीत जन्मली, म्हणजे एक जूनच्या कितीतरी आधी. पण सटवाईसुद्धा आधार कार्ड बघते, त्याला काय करणार?

मंडपातून परतताना फाट्यावर मला नवा फ्लेक्स दिसला. महाराजांचा हसरा फोटो, खाली सरपंचांपासून सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो, आणि मोठ्या अक्षरात: ‘१ जून. परमपूज्य योगीराज महाराज यांचा प्रकटदिन. छप्पन्न वर्षे पूर्ण. छप्पन्न भोग. समस्त गावकऱ्यांनी लाभ घ्यावा.’

महाराजही गुरुजींच्या अंदाजाचेच! भोगाच्या मोहात चेल्यांनी वय छापून टाकलं होतं आणि महाराजांनी ते छापू दिलं होतं, कारण त्यांचा अंक कोण काढणार? इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला कुणी बाही वर करायला सांगत नाही. मी मनातल्या मनात सातचा पाढा म्हटला आणि त्या फाट्यावर, भर उन्हात, एकटीच मोठमोठ्यानं हसले. घरी आल्यापासून मी पहिल्यांदाच हसत होते.

एक जूनला सकाळी मी आधी पोलिसांत जाऊन तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, तो वापरायचा असतो. मग घरी येऊन आईला म्हटलं, “चल मंडपात.”

“म्या न्हाय येत. परत धरतील.”

“मी आहे ना. तू फक्त वय सांग. आज तुझा वाढदिवस आहे.”

तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग उठली, तोंड धुतलं, पांढरं लुगडं नेसली आणि निघताना पदर मागं टाकला. कापलेलं डोकं तसंच उघडं ठेवून ती गल्लीतून चालत गेली. दारातल्या बायका आत सरकल्या.

मंडपात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. छप्पन्न पदार्थांची ताटं मांडलेली. महाराजांच्या गळ्यात गुडघ्यापर्यंत हार. निम्म्या गावाचा वाढदिवस, म्हणून निम्मं गाव नवा अंक काढून घ्यायला रांगेत. आम्हाला बघून रांग आपोआप फाटली. भानामतीवालीला कोण खेटणार? असा मान आम्हाला त्या गावात पहिल्यांदा मिळाला.

“ही कशाला आली?” धुळाप्पा म्हणाला.

“अंक काढायला,” मी म्हटलं. “आईला आज चौसष्ट पुरं झालं. सटवाई पुरं झालेलं मोजते ना, महाराज?”

महाराजांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. धुळाप्पानं गुणलं: ९१४२८४८. नऊ घरात घेतला. टीव्हीवर आलं १४२८५७.

सरपंचांसारखाच, जशाचा तसा, पाटीवरचा अंक. गेल्या महिन्यातली चेटकीण आज साक्षात सटवाई! कुणीतरी म्हातारीनं आईच्या दिशेनं हात जोडलेसुद्धा.

महाराज काही कच्चे नव्हते. लगेच माइक ओढला. “बघा! बघा आईची लीला! केस उतरवले अन् भानामती उतरली! म्या म्हणलं न्हवतं? बोला उदो उदो!”

उदो उदो झाला. मला ते अपेक्षित होतं. मी धुळाप्पाच्या हातातला माइक घेतला. तीस-चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईच्या हातातून माइक काढून घेणं सोपं नसतं.

“महाराजांचाही आज वाढदिवस आहे,” मी म्हटलं. “आपण भोग आणला, हार आणले, आणि महाराजांच्या कपाळावर सटवाईनं काय लिहिलं तेवढं बघायचं राहिलं. काढा सगळ्यांनी मोबाइल. पाटीवरचा अंक, गुणिले छप्पन्न.”

“देवीच्या सेवकाचा अंक काढीत नसत्यात!” महाराज ओरडले. “पाप लागतं!”

पण फ्लेक्सवर छप्पन्न होते, ताटात छप्पन्न होते, आणि मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होता. जिकडं तिकडं अंगठे चालायला लागले. “सात कोटी... न्हाय न्हाय, लाख...” “एकोणऐंशी लाख, नव्व्याण्णव हजार...” “पाव्हणा घरात घे की!”

सात घरात गेला. पहिल्यांदा पुढच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, “नऊ.” मग त्याच्या मागचा म्हणाला. मग तो आकडा मंडपभर पसरत गेला. नऊ, नऊ, नऊ.

महाराजांच्या कपाळावर घाम आला. “थांबा, थांबा! आजपासून सत्तावन्नावं लागलंय! सत्तावन्न धरा!”

तेव्हा माझी आई पुढं झाली. माइकची तिला गरज पडली नाही. “माझं बी चौसष्टावं लागलं व्हतं, महाराज. तवा तुमी काय म्हणला व्हता?”

महाराजांनी धुळाप्पाकडं बघितलं.

“म्या सांगती. सटवाई पुरं झालेलं मोजती, लागलेलं मोजत न्हाय.”

हे वाक्य आईचे केस कापले त्या दिवशी मंडपात होत्या त्या सगळ्या बायांनी ऐकलेलं होतं. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि मग एकदम आरडाओरडा सुरू झाला. “ह्योच भानामतीवाला!” “ह्येनंच गावाचं लिवणं पुसलं!” हार तुटला, ताटं उलटली, धुळाप्पा मंडपाच्या मागून पळाला. चौरंगाजवळची कात्री सगळ्यात आधी कुणी उचलली असेल? शिवकन्यानं. दोघींनी महाराजांचे हात धरले आणि तिनं त्यांच्या जटांना हात घातला.

मी बघत उभी राहिले. मला ते हवं होतं, अगदी असंच. त्याचं डोकं तसंच वेडंवाकडं कापलेलं मला बघायचं होतं, आणि थांबवायला माझी जीभ उचलत नव्हती.

आईनं शिवकन्याचं मनगट धरलं. “कात्री ठिव.”

“सोड मावशे! ह्येनं तुला...”

“ठिव म्हणती ना. ह्येचं डोकं नवामुळं भादरलंस, तर माझं भादरलंस ते बी बराबरच ठरंल. येवढं बी कळंना का तुला?”

शिवकन्याचा हात खाली आला. मलाही ते तेव्हाच कळलं. मी त्याला त्याच्याच आकड्यानं पाडला होता आणि गावानं आकडा खरा मानूनच त्याला धरला होता. ही पाटी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती, आणि पुढच्या वर्षी त्रेसष्टाची दुसरी एखादी विठाबाई ओढून आणली असती.

मग मी माझा सूड बदलला. तो कमी केला, असं मात्र कुणी समजू नये.

“महाराज, बसा खाली,” मी म्हटलं. “सातचा पाढा म्हणा. माइकवर. आणि महाराज आकडा म्हणतील, तेव्हा ज्यांना त्या वयाला नऊ आले होते त्यांनी उभं राहायचं.”

“पाढा?” ते पुटपुटले.

“येत नसला तर शेजारी कात्री आहे.”

महाराजांनी माइक तोंडाशी धरला. “सात एके सात.” कुणाची तरी नात उभी राहिली, गळ्यात ताईत. “सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस.” आणखी तिघं उठले. “मोठ्यानं,” मी म्हटलं. “सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस.” बागायतदाराची सून उठली आणि इकडंतिकडं बघायला लागली. “सात सक बेचाळीस.” दोन पुरुष उठले. आता लोक पाढ्याच्या पुढं पळायला लागले होते. आकडा यायच्या आधीच माना वळत होत्या.

“सात सत्ते...” महाराज अडले.

“एकोणपन्नास!” मंडप म्हणाला, आणि सगळ्यांनी सरपंचांकडं बघितलं. रामकिसन काका हळूहळू उभे राहिले. त्यांना पन्नास धरायला लावल्याचं कुणी विसरलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“पुढं.”

“सात अठ्ठे छप्पन्न,” महाराज स्वतःचंच वय म्हणाले. पाठीमागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

“पुढं, महाराज.”

“सात नव्वे...” त्यांनी आईच्या डोक्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. “...त्रेसष्ट.”

आई आधीपासूनच उभी होती.

मग मी पाटीच्या मागच्या बाजूला खडूनं एक भागाकार करून दाखवला. एक भागिले सात. एक भाकरी सात जणांत वाटायला घ्या. ती सरळ वाटली जात नाही, दर वेळी काहीतरी उरतं. उरतं ते एक ते सहाच्या आतलंच असतं, त्यामुळं सहा पायऱ्यांनंतर पुन्हा पहिल्यासारखा एक उरतो आणि तेच आकडे परत सुरू होतात. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. खळ्यावर बैल गोल फिरतो तसं. दुसऱ्या आकड्यानं गुणलं तर बैल खळ्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागतो, पण खळं तेच. ‘पाव्हणा घरात घेणं’ म्हणजे पुरते झालेले फेरे वजा करून नुसता उरलेला बघणं. आणि सातनं गुणलं की साताचे सातही वाटे भरतात, उरत काहीच नाही, म्हणून नवाची भिंत उभी राहते. त्यात सटवाई नाही, भानामती नाही, कुणाचं नशीब नाही. शाळेतला भागाकार आहे.

“गुरुजींनी तुमचं वर्ष एकानं पुढंमागं लिहिलं असतं,” मी म्हटलं, “तर आज दुसरीच माणसं उभी असती. एवढ्यावरून तुम्ही एका बाईचे केस कापले आणि शुगरच्या गोळ्या बंद केल्या. कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी एक विचारा: हे माझ्याऐवजी दुसऱ्याला लावलं तर काय होईल? माझा मोबाइल घेऊन मी घरी करून बघू का? खऱ्या माणसाला ह्या प्रश्नाचा राग येत नाही. लेकराला आकडी आली तर दवाखाना गाठा. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कुणाच्या घरावर बोट दाखवायला सांगणारा आला, तर आधी त्याचं बोट धरा.”

पोलिसांची गाडी आली तेव्हा महाराज स्वतःहून चढले. माणसांत राहण्यापेक्षा त्यांना तेच बरं वाटलं असावं. धुळाप्पालाही पुढं माकणीच्या स्टँडवर धरला. बत्तीस वर्षांची ती बाई त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात येऊन पुन्हा गोळ्या घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर अंगणवाडीत गेले. तिनं आधी माझ्या पिशवीतली वेणी मागितली. वर्तमानपत्र सोडलं, वेणी झटकली आणि दारावरच्या खिळ्याला टांगली. मी म्हटलं, काढ ते, पोरं भितील.

“पोरं न्हाय भीत. त्यांच्या आया भ्यायल्या पायजेत. जिनं धरलं तिला रोज दिसू दी.”

मग तिनं खिचडी चढवली. बऱ्याच वेळानं शिवकन्या राजनंदिनीला घेऊन आली. दारात थबकली, वर वेणीकडं बघितलं आणि रडायला लागली. “मावशे, चुकलं माझं. माफ कर.”

आई खिचडीचा डाव घेऊन दारात आली. “माफीबिफी ऱ्हाऊ दी. सातचा पाढा म्हण.”

“मला... इथं?”

“इथंच. पोरगी ऐकलाली, मोठ्यानं म्हण.”

गल्लीतल्या बायका आपापली लेकरं घेऊन मागं येऊन थांबल्या. शिवकन्या पदरानं नाक पुसत म्हणत गेली. सात एके सात. सात दुणे चौदा. मधे दोनदा चुकली, आईनं दोन्ही वेळा पहिल्यापासून म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ती अठ्ठेपर्यंत नीट आली आणि पुढं अडकली.

“सात नव्वे...” ती म्हणाली आणि थांबली.

आईनं मदत केली नाही. डाव हातात धरून ती नुसती तिच्याकडं बघत राहिली. राजनंदिनीनं माझ्या आईच्या लुगड्याचा सोगा धरला होता आणि तिला भूक लागली होती.

“त्रेसष्ट,” शिवकन्या म्हणाली.

आईनं पोरगी आत घेतली, तिचे हात धुतले आणि ताटलीत खिचडी वाढली. मग दाराशी येऊन पुढच्या बाईला म्हणाली, “हां, आता तू म्हण.”